पश्चात्तापात नापास

गुन्हा कोणालाही करता येतो. त्याला शिक्षण लागत नाही. पण गुन्हा केल्याचं दुःख मात्र समितीला कळेल अशा भाषेत, नेमून दिलेल्या वेळात आणि निदान एका डोळ्यातून पाणी काढून सादर करावं लागतं. त्याला मार्गदर्शन लागतं. सरकारने ही गरज ओळखली हे सरकारचं मोठेपण, आणि ती भागवण्यासाठी शानवेईच्या तुरुंगात एक समुपदेशक नेमली, हे त्याहून मोठेपण. कैदी तेराशे आणि समुपदेशक एक, असं प्रमाण पडलं. पण सरकारी भाषेत याला काटकसर म्हणतात.

तिचं नाव वेन या-लिंग. कैदी तिला 'बाई' म्हणत. पहारेकरी तिला 'मानसशास्त्र' म्हणत ("मानसशास्त्र आत्ताच जेवायला गेलं, नंतर या"), आणि अधीक्षक फांग साहेब तिला 'आपला विभाग' म्हणत. विभागाला स्वतंत्र खोली होती. ती पूर्वी गोधड्यांची कोठी होती आणि गोधड्या अजूनही तिथेच असत, कारण त्यांना हलवायला दुसरी जागा नव्हती. त्याचा फायदाच झाला. खोलीत कोणी कितीही रडलं तरी बाहेर आवाज जात नसे.

या-लिंगचं मुख्य काम म्हणजे प्रत्येक कैद्याचा पश्चात्ताप मोजणं. राजधानीतून त्यासाठी शंभर गुणांची मोजपट्टी आली होती. जबाबदारी स्वीकारण्याला तीस, पीडिताविषयी कळवळ्याला तीस, भविष्याच्या नियोजनाला वीस, आणि उरलेले वीस 'एकंदर ठसा' या सदराखाली. अश्रू या शेवटच्या सदरात मोडत. मात्र दोनपेक्षा जास्त हुंदके आले की 'भावनिक अस्थिरता' धरून गुण कापायचे होते. साठाच्या वर गेला तो पॅरोलच्या समितीपुढे उभा राहणार, न गेला तो पुन्हा बराकीत जाऊन पश्चात्ताप करणार.

पहिल्या वर्षी निकाल वाईट लागला. लोकांना वाटत होतं, पण बोलता येत नव्हतं; किंवा बोलता येत होतं, पण वाटत नव्हतं; आणि बऱ्याच जणांना दोन्ही नव्हतं. अशा वेळी हुंग शांग-यू नावाच्या कैद्याने सत्त्याण्णव गुण मिळवले.

हुंगचा मूळ धंदा टेलिफोनचा. म्हाताऱ्या माणसांना फोन करून, आपण सरकारी वकील बोलतोय, तुमच्या बँकेच्या खात्यावर गुन्हा दाखल झालाय, असं तो इतक्या काळजीच्या सुरात सांगत असे, की म्हातारी माणसं त्याचेच आभार मानून पैसे पाठवत. त्याच्या आवाजावर लोक विश्वास ठेवायचे, हा त्याचा गुन्हा होता. आता त्याच आवाजावर या-लिंगचा विश्वास बसला, ही सुधारणा होती. पॅरोलसाठी लागणारी निम्मी शिक्षा भोगून व्हायला त्याला अजून वेळ होता. तोवर गुणी माणसाने नुसतं बसून काय करायचं, म्हणून फांग साहेबांनी त्याला 'पश्चात्ताप साहाय्यक' नेमलं. गोधड्यांच्या खोलीतच त्याचे वर्ग भरू लागले.

वर्षभरात निकाल एकेचाळीस टक्क्यांवरून नव्याण्णवावर गेला. दरोडेखोर असो वा सायकलचोर, प्रत्येक जण "त्या दिवशी माझ्या हातून केवळ कायदा नव्हे, एक विश्वास मोडला" या वाक्यापाशी थांबायचा, खाली बघायचा, आणि मग सावकाश वर बघायचा. (सायकलचोराला हे वाक्य जरा मोठं होत होतं, पण तोही त्यात वावरायला शिकला.) या-लिंगला सुरुवातीला शंका आली होती. पण शंकेला मोजपट्टीत सदर नव्हतं.

त्या वर्षी पाळी आलेल्या शंभर जणांत नव्याण्णवाचे शंभर होत नव्हते ते एका माणसामुळे. पान शुई-मू, वय एकोणसत्तर, धंदा खाडीतल्या कालवांच्या, म्हणजे शिंपल्यांच्या शेतीचा.

शुई-मूचा शेजारी चिन-फा. दोघं लहानपणापासूनचे मित्र, एकाच गल्लीत समोरासमोर राहिलेले. चिन-फाने म्हातारपणी कराओकेचं यंत्र घेतलं आणि अंगणात उभं राहून तो गाऊ लागला. त्याचा आवाज वाईट होता, हे न्यायालयानेही मान्य केलं. शुई-मूने आधी विनंती केली, मग वादावादी केली, आणि एका सणाच्या दिवशी, भरपूर तांदळाची दारू पोटात असताना, कालवं टांगायच्या मांडवाचा बांबू त्याच्या कानाखाली मारला. चिन-फाचा डावा कान कायमचा गेला. एक कान घालवणं कायद्याने गंभीर इजेत धरतात, म्हणून शिक्षाही गंभीर झाली.

या-लिंगने त्याला चार वेळा मोजलं.

"काका, केलेल्या कृत्याबद्दल तुम्हाला काय वाटतं?"

"वाईट."

"म्हणजे नेमकं कसं?"

"वाईट म्हणजे वाईटच की, बाई. त्याच्यात आणखी काय असतं?"

"चिन-फांना काय वाटत असेल, याचा विचार करता का?"

"त्याला काय वाटणार? स्वतःचं गाणं अर्धंच ऐकू येत असेल त्याला." मग बराच वेळ गोधड्यांकडे बघून तो म्हणाला, "म्हणजे आता अजून मोठ्याने गात असेल, गाढव."

गुण: अकरा. (पीडिताचा उल्लेख 'गाढव' असा केल्यामुळे कळवळ्याचे सगळे गेले.)

पाचव्या वेळी मात्र शुई-मू स्वतःहून आला आणि दारातच उभा राहिला. आदल्या दिवशी त्याची बायको भेटीला आली होती.

"बाई, चिन-फाचा दुसरा कानपण चाललाय," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणाले, आता किती दिवस ऐकू येईल सांगता येत नाही. मला त्याच्याशी बोलायचंय. ऐकू येतंय तोवर."

"काय बोलायचंय?"

"ते त्याला सांगीन. तुम्हाला कशाला?"

या-लिंगने मोजपट्टी हातात घेतली, वरून खाली पाहिली आणि टेबलावर ठेवली. या उत्तराला कुठल्याही सदरात एकही गुण नव्हता.

त्याच आठवड्यात फांग साहेबांनी तिला बोलावलं. राजधानीतून पाहणी पथक येणार होतं आणि साहेबांना निकाल शंभर टक्के हवा होता.

"वेन बाई, एका कालववाल्यापायी आपला विभाग मागे पडतोय. काय अडचण आहे त्याची?"

"साहेब, त्यांना खरंच वाईट वाटतंय."

"मग?"

"म्हणून बोलता येत नाहीये."

साहेबांनी सहानुभूतीने मान हलवली. "हुंगकडे द्या त्याला."

हुंगने शुई-मूला हाती घेतलं. तो चांगला शिक्षक होता, कंटाळत नसे. पण शुई-मूला चिन-फाबद्दल काही बोलायला लावलं की तो उठून गोधड्यांच्या घड्या घालू लागे. शेवटी हुंगने तोडगा काढला.

"काका, स्वतःचं राहू द्या. माझंच पाठ करा. सत्त्याण्णव गुणांचं आहे."

"तुझा गुन्हा वेगळा, माझा वेगळा."

"समिती एका सकाळी चाळीस माणसं बघते. गुन्ह्याकडे कोण बघतंय? सुरात म्हणा, म्हणजे झालं."

दुसऱ्याचं दुःख पाठ करायला शुई-मूला काहीच अडचण आली नाही. मोजणीत त्याला चौऱ्याण्णव पडले. हे पाठांतर आहे हे या-लिंगच्या पहिल्याच ओळीला ध्यानात आलं होतं. पण दुसरा कान तिच्याही ध्यानात होता.

समितीत पाच जण होते: एक निवृत्त मुख्याध्यापक, एक वकील, एक प्राध्यापक, माझू देवीच्या देवळाचे विश्वस्त, आणि अध्यक्षस्थानी फांग साहेब. शुई-मू समोर उभा राहिला, वाकला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "ज्या आजीबाईंनी मला सरकारी वकील समजून आपली आयुष्यभराची पुंजी माझ्या स्वाधीन केली, त्यांचा चेहरा मी कधीच पाहिला नाही. पण त्या दिवशी माझ्या हातून केवळ कायदा नव्हे, एक विश्वास मोडला."

तो थांबला. खाली बघितलं. सावकाश वर बघितलं.

या-लिंग खुर्चीतून अर्धी उठली. कागदोपत्री हा माणूस बांबू मारून आत आला होता आणि कागद पाचही जणांसमोर होते. पाचही जण माना डोलावत होते. ती पुन्हा खाली बसली.

"त्या आजी आता कशा आहेत?" मुख्याध्यापकांनी हळुवार विचारलं.

हा प्रश्न हुंगच्या पाठात नव्हता. शुई-मूचा चेहरा कोरा झाला. मग तो एकदम म्हणाला, "एका कानाने बहिरा झालाय. दुसरापण जातोय. मला काय बोलायचंय ते त्याला ऐकूच यायचं नाही मग. घाई आहे हो मला."

मुख्याध्यापकांनी चष्मा काढून पुसला. विश्वस्तांनी देवीचं नाव घेतलं. (इतिवृत्त लिहिताना 'बहिरा' चं 'बहिरी' करून लिंगदोष दुरुस्त करण्यात आला.)

"आपल्या विभागाला काही सांगायचंय?" फांग साहेबांनी विचारलं.

"नाही," या-लिंग म्हणाली. "त्यांना मनापासून वाटतंय." नोकरीला लागल्यापासून समितीपुढे इतकं खरं वाक्य ती पहिल्यांदाच बोलत होती.

शुई-मू एकमताने सुटला. निकाल शंभर टक्के लागला, पथक खूश झालं.

पुढच्याच बैठकीत हुंगची पाळी होती. त्याने स्वतःचंच भाषण स्वतः केलं, आणि समितीच्या मते इतकं उत्तम ते आजवर कोणीच केलं नव्हतं. म्हणूनच अर्ज फेटाळला गेला. असा माणूस बाहेर सोडला तर पश्चात्तापाचा वर्ग कोण चालवणार, असा फांग साहेबांचा रास्त प्रश्न होता. 'संस्थेस अत्यावश्यक' असा शेरा मारून त्याला शिक्षा संपेपर्यंत ठेवून घेण्यात आलं.

हुंग गोधड्यांच्या खोलीत आला आणि जमिनीवर बसला. त्याचा आवाज प्रथमच चिरका येत होता.

"बाई, आज शपथेवर सांगतो, मला खरा पश्चात्ताप होतोय!"

"कशाचा?"

"एवढं चांगलं शिकवल्याचा!"

तो ढसाढसा रडला. या-लिंगने त्याला पाण्याचा पेला दिला आणि हुंदके मोजले नाहीत.

सुटलेल्या माणसाची घरी जाऊन पाहणी करण्याचा नियम आहे. या-लिंग गावात पोचली तेव्हा गल्लीत शिंपल्यांचे ढीग वाळत पडले होते आणि त्यांच्या मधोमध दोन म्हातारे उभे होते. शुई-मू घरी येऊन तीन दिवस झाले होते. तीन दिवस तो समोरच्या दाराकडे नुसता बघत होता, असं त्याच्या बायकोने सांगितलं. आज गेला होता. चिन-फाने उजव्या कानामागे हात धरला होता.

"चुकलं माझं!" शुई-मू ओरडला.

"सुकलं? काय सुकलं?"

"चुकलं! मारायला नको होतं मी तुला!"

"सुकलं असेल तर पाणी मार की!"

"अरे, माफ कर मला!"

"साफ करू? मी कशाला करू? शिंपले तुझे आहेत, तूच कर!"

दारादारांतून माणसं बाहेर आली. कालवं सोलणाऱ्या बायका सुऱ्या हातात तशाच धरून उभ्या राहिल्या. शुई-मूच्या मानेच्या शिरा फुगल्या, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि ज्या माणसाला बंद खोलीत चार शब्द जमले नव्हते, तो भर गल्लीत सगळ्या गावाला ऐकू जाईल असं पुन्हा पुन्हा ओरडत राहिला. शेवटी त्याचा आवाज बसला.

"पुरे रे," चिन-फा म्हणाला. "पहिल्याच खेपेला ऐकू आलं होतं मला."

"मग बोलला का नाहीस, भाड्या?"

"बरं वाटत होतं ऐकायला. म्हटलं, चालू दे."

शुई-मूने त्याला एक सणसणीत शिवी दिली. चिन-फाने ती दुसऱ्यांदा म्हणायला लावली. मग दोघं शिंपल्यांच्या ढिगावर बसले आणि सुपारी चघळू लागले.

या-लिंगने नियमाप्रमाणे मोजणी केली. सूर आक्रमक, पीडिताला शिवीगाळ, शेजाऱ्यांना उपद्रव, हुंदके असंख्य. एकूण गुण नऊ. मोजपट्टीनुसार हा इसम तत्काळ आत जायला हवा होता. तिने थोडा विचार करून 'एकंदर ठसा' या सदरात वीसपैकी नव्वद गुण दिले. राजधानीत कोणी हरकत घेतली नाही.

या यशानंतर हीच मोजपट्टी तुरुंगाबाहेरच्या सभ्य नागरिकांना लावून पाहावी, असं ठरलं. हुंगला शिकवायला पाठवायची तयारी होती, पण गरज पडली नाही. दहांपैकी नऊ नागरिक कसल्याही मार्गदर्शनाशिवाय पहिल्याच खेपेला उत्तीर्ण झाले, आणि तेही एकाच वाक्यावर: "माझ्या बोलण्याने तू दुखावला गेला असशील, तर सॉरी." हे वाक्य त्यांना कोणी शिकवलं याचा कसून तपास झाला. शिक्षक सापडला नाही. प्रत्येकाने ते घरच्या घरीच तयार केलं होतं. तुम्ही ते शेवटचं कोणाला ऐकवलंत, हे इथे विचारायचं कारण नाही. तुम्ही उत्तीर्ण आहात. खुशाल बाहेर राहा.