हवालदारांचा डिजिटल फासा

१३ मे १९७९, रविवार. सांडगे घालायचे होते.

मनगटापर्यंत हात पिठात असताना कुंपणावरून आवाज आला, "वहिनी, बटण दाबा. ओव्हर."

आमचे माधवनगरचे शेजारी यशवंतराव हवालदार असंच बोलतात. मूळचे खंडाळ्याकडचे. फौजेत वीस वर्षं बिनतारी यंत्रावर काढली, पेन्शन घेऊन आले, पण वाक्याच्या शेवटचं 'ओव्हर' काही सुटलं नाही. ते म्हणेपर्यंत समोरच्यानं तोंड उघडायचं नाही. भाजीवालीसुद्धा थांबते.

तीन महिने त्यांना एकच ध्यास होता, फाशाचं यंत्र. लाकडी पेटी, वर फाशाच्या ठिपक्यांसारखे मांडलेले सात लाल दिवे, खाली बटण. दाबलं की दिवे पळायचे, सोडलं की एक ते सहातलं एखादं दान पडायचं. त्यापायी माझ्या ट्रान्झिस्टरचे सेल गेले, दारावरची बेल मुकी झाली. "डिजिटल हाय, वहिनी!" म्हणे. आणि ते यंत्र आम्हा बायकांच्या दुपारच्या ल्यूडोत घ्यावं म्हणून माझ्यामागे भुणभुण.

"आमच्या फाशाला काय धाड भरलीय?" मी विचारायची. ते पेटी उचलून निघायचे. दुसऱ्या दिवशी पेटीसह पुन्हा हजर.

"भावजी, हात भरलेत माझे."

"कोपरानं दाबा की. ओव्हर."

पीडा टळावी म्हणून दाबलं. बटण चांगलं वाटीएवढं. दिवे धावले आणि चारवर थांबले.

हवालदार जागच्या जागी उडालेच. "लागलं! अगं, ऐकलंस का? वहिनींनी कोपरानं चार पाडलं!"

आतून त्यांची बायको, आमच्या हौसावहिनी, करवादल्या, "पाडू द्या! मला न्हाई खेळायचं, कितींदा सांगू?"

"एवढं थोरलं बटण कशाला केलंत?" मी वैतागून म्हटलं.

त्यांनी आवाज खाली आणला. "तिचा हात लय थरथरतो, वहिनी. फासा पटाभाईर जातो, मग तुमी डाव काढून घेता. ह्याच्यावर नुसती मूठ ठिवली तरी भागतंय."

फासा पटाबाहेर गेला की डाव गेला, हा नियम माझाच. संक्रांतीपासून हौसावहिनी खेळायला आल्या नव्हत्या. हरायला लागल्या म्हणून फुगून बसल्यात, असं गल्लीभर सांगणारीही मीच.

मी सांडगे घालत राहिले. पीठ थांबत नाही.

सोमवारी सकाळी वाळवण उन्हात टाकलं आणि खेळणाऱ्या सगळ्यांची घरं फिरले. आजपासून डाव हौसावहिनींच्या ओट्यावर, फासा त्यांच्याच घरचा, एवढंच सांगितलं.

कोपऱ्यावरची सुमन म्हणाली, "आणि त्या बाहेर आल्याच नाहीत तर?"

"तर आपण त्यांच्या दारात बसून चुकीचं खेळायचं," मी म्हटलं. "बघू, किती वेळ आत दम धरतात."