एक तास कमी

"एक तास कमी पडतोय," परवाना कचेरीतल्या कारकुनाने फाइल परत सरकवली. "देखरेखीखालचे पाचशे हवेत. चारशे नव्याण्णवच भरतात."

खुणांच्या भाषेची शिकाऊ दुभाषी मुलगी मटकन खाली बसली. तिचा शिकाऊ परवाना आज पाचला संपत होता. मग सगळे तास पुन्हा पहिल्यापासून!

"प्रत्येक तासाला मी हजर होते!" तिच्यावर देखरेख करणाऱ्या बाई कडाडल्या.

"दवाखान्यातल्या तासाला दाराबाहेर होतात. तुम्हीच लिहिलंय."

"डॉक्टर म्हणाले, आत एकालाच जागा आहे. मी काय टेबलाखाली बसायचं?"

"नियमात टेबलाचा उल्लेख नाही."

त्या दिवशीचे रोगी, कर्णबधिर शिंपीकाका, साक्षीला आले होते. मुलीने त्यांना खुणांनी सगळं सांगितलं. काकांच्या कानांशी आवाजाची कधी ओळखच झाली नव्हती, पण राग मात्र खणखणीत होता. त्यांचे हात हवेत कात्रीसारखे सपासप चालू लागले.

दुभाष्याने बोलणाराच होऊन बोलायचं. पदरचं घालायचं नाही, काही गाळायचं नाही. मुलगी उठली, डोळे पुसले. "मी तीस वर्षं शिंपी आहे. असा बिनमापाचा माणूस पाहिला नाही."

"तू कधीपासून शिंपी?"

"मी नाही हो, ते. आत्ता मी म्हणजे ते."

"सांग त्यांना, ही पोरगी उद्धट आहे!"

मुलीने तेही सांगितलं. आपली बदनामी, आपल्याच बोटांनी. बाईंनी वहीत काहीतरी टिपलं.

मग काकांनी कचेरीच्या नियमांची शिवण उसवायला घेतली. काखेत घट्ट, पोटात ढगळ, खिसे शिवलेत पण हात जात नाही! कारकुनाला घाम फुटला.

"अहो, पुरे म्हणावं!"

काकांनी मान डोलावली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. मधूनच ते कारकुनाच्या डोक्यावरच्या घड्याळाकडे बघत. पाचाला दहा कमी असताना, वाक्य अर्धं टाकून त्यांनी हात जोडले.

बाईंनी वही पुढे केली. "तीन पन्नास ते चार पन्नास. दुभाषीकाम, एक तास. मी खोलीतच होते. तुम्ही पाहिलंत."

कारकुनाने नियमावली पुढून मागून चाळली. मग दात-ओठ खात शिक्का मारला.

काकांनी बोटं हलवली. मुलगी हसली.

"आता काय म्हणतात?"

"तुमच्या शर्टाचं बटण तुटलंय. दुकानात या, लावून देतो. बटणाला तास लागत नाही."