आधी नाव, मग पुढचं

कलकत्त्यातल्या कुठल्याही मराठी लग्नात श्रीखंडाचं पातेलं पंगतीपाशी आलं, की बंद गळ्याच्या कोटातला एक उंच, किंचित वाकलेला म्हातारा मध्ये उभा राही, दोन्ही हात पसरून वाट अडवी आणि म्हणे, “आधी नाव, मग पुढचं!”

हे अप्पा खांबेटे. नवराबायकोनं उखाण्यात एकमेकांचं नाव घेतल्याशिवाय ते कुणाला जेवू देत नसत. मग ते लग्न असो, मुंज असो, नाहीतर मंडळाचा गणपती. वाढपी ताटकळत, मुलं रडकुंडीला येत, पण अप्पा हलायचे नाहीत.

सत्तरच्या सुमारास माझी बदली कलकत्त्याला झाली आणि पहिल्याच गणपतीत मी त्यांच्या तावडीत सापडलो. सुमन, म्हणजे आमची ही, लहानपणापासून उखाण्यांत तरबेज, ती सुटली. मी घाम पुसत म्हणालो, “पानात पुरी, वाटीत श्रीखंड, सुमनचं नाव घेतो, जेवण होतंय थंड.”

“श्रीखंड थंडच असतं हो, मोकाशी!” अप्पा कळवळून म्हणाले. “पण बसा. निदान पाणी-राणी केलं नाहीत.”

पाणी-राणी या यमकावर त्यांचा विलक्षण राग. ‘गंगेचं पाणी’ एवढं कानावर पडलं, की ते हात वर करून समोरच्याला थांबवत. “पुढं राणी येणार. दुसरा घ्या!” कुणी फारच अडलं, तर स्वतःच्या पोतडीतला एखादा काढून देत. आमच्या शेजारच्या नव्या नवरीच्या कानात त्यांनी सांगितलेला मला अजून पाठ आहे: “हुगळीच्या पाण्याला भरतीची ओढ, सुधीररावांचं नाव घेते, रसगुल्ल्याहून गोड.” टाळ्या तिला मिळाल्या आणि अप्पा दिवसभर खुशीत होते.

अप्पांचा जन्म बागबाजारचा. “मराठे लुटायला येतील म्हणून पूर्वी या लोकांनी शहराभोवती खंदक खणला, आणि मी खंदकाच्या आतल्या बाजूला जन्मलो,” असं ते प्रत्येक नव्या माणसाला सांगत. गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीतून ते निवृत्त झाले होते. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. कालीघाटला आमच्या वरच्या मजल्यावर ते आणि त्यांची मुलगी नीला, दोघंच राहत. नीला शाळेत शिकवायची. तिचं लग्न झालं होतं आणि मोडलं होतं, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. त्याबद्दल ते दोघं बोलत नसत आणि आम्ही विचारत नसू.

आणि त्या वर्षी नीलाचं पुन्हा जमलं. मुलगा कुलकर्णी, जहाज कारखान्यात इंजिनियर, शांत, भला माणूस. त्याच्या घरची सातारकर मंडळी मनातून तयार नव्हती. मुलाच्या हट्टापुढं गप्प होती, इतकंच. त्यात त्याला दिवाळीनंतर विशाखापट्टणमला रुजू व्हायचं होतं. लग्न नोंदणीचं करायचं होतं. नोंदणी अधिकाऱ्यानं सांगितलं, घटस्फोटाच्या हुकुमाची सहीशिक्क्याची नक्कल आणा, मग नोटीस लावू. नोटीस महिनाभर लागायला हवी. दुर्गापूजेची सुट्टी तोंडावर आली होती, आणि कलकत्त्यात पूजेला कोर्ट बंद झालं की महिनाभर उघडत नाही. आता नक्कल मिळाली नाही, तर कुलकर्णी एकटाच विशाखापट्टणमला जाणार, आणि सातारकरांना विचार बदलायला भरपूर सवड मिळणार.

“पण हुकूम झाला तेव्हा तुम्हाला एक नक्कल मिळालीच असेल की,” मी अप्पांना म्हणालो.

“मिळाली होती.”

“मग?”

“बागबाजारच्या घाटावर जाऊन गंगेत सोडली. निर्माल्याबरोबर. म्हटलं, सुतक फिटलं.”

“निदान खटल्याचा नंबर?”

“तो लक्षात ठेवायचा नाही असं ठरवलं होतं. आणि मी ठरवलं की ठरवलं!”

मी कपाळावर हात मारून घेतला. नीला म्हणाली, “मी रजा घेते, मीच जाते.” अप्पा ताडकन उठले. “त्या इमारतीची पायरी तू पुन्हा चढायची नाहीस. अर्जावर सही दे. मी आणि मोकाशी बघून घेतो.” मला कुणी विचारलंच नव्हतं.

आम्ही अलीपूरच्या कोर्टात गेलो. झाडाखाली टंकलेखक रांगेनं बसलेले. एकाकडून अर्ज टंकून घेतला, त्यावर कोर्ट फीचं तिकीट चिकटवलं आणि रेकॉर्डच्या खिडकीशी गेलो. साल सांगायचं, दावा लावणाऱ्याचं नाव सांगायचं. नोंद सापडली की नकलेचा दुसरा अर्ज करायचा, अशी तिथली रीत. खिडकीमागचे बडोबाबू, म्हणजे हेडक्लार्क, चष्मा कपाळावर चढवलेले, बोलायला मऊ गृहस्थ होते. अप्पांनी अस्सल बागबाजारी बंगालीत नाव सांगितलं, नीला खांबेटे. बाबूंनी त्या वर्षाच्या नावांवरून बोट फिरवलं. नाही.

दुसऱ्या खेपेला अप्पांनी सासरचं आडनाव सांगितलं, नीला गद्रे. ते सांगतानाही त्यांचं तोंड कडू झालेलं दिसलं. तेवढ्यात वीज गेली, पंखा थांबला, बाबूंनी खिडकीची झडप उघडून उजेड घेतला आणि पुन्हा पाहिलं. नाही. मग त्यांनी अगदी हळुवारपणे विचारलं, घटस्फोट नक्की झाला होता ना?

“झाला होता ना म्हणजे? मी स्वतः गंगेत सोडलाय!” अप्पा कडाडले. रांगेतली माणसं वळून पाहू लागली.

माझ्या डोक्यात तेव्हा कुठं प्रकाश पडला. “अप्पा, लग्नात तांदळावर नाव लिहून नीलाचं नाव बदललं होतं का हो?”

मी बाबूंना आमची पद्धत समजावून सांगितली, की आमच्यात पुष्कळ घरी आडनावाबरोबर मुलीचं पाळण्यातलं नावही बदलतात, आणि मधे नवऱ्याचं नाव घालतात. बाबू बघतच राहिले. म्हणाले, मग मूळच्या मुलीचं राहतं काय? वळून पाहतो, तर अप्पा खिडकीपाशी नव्हते.

ते बाहेर चहावाल्याच्या बाकावर बसले होते. मी शेजारी बसलो.

“नाव बदललं होतं,” ते म्हणाले. “मीच मागून घेतलं. त्यांना म्हटलं, बदलणारच आहात तर हिच्या आईचं नाव ठेवा. तेवढीच तिची हाक पुन्हा एका घरात ऐकू येईल. मग मी दर रविवारी बराकपूरला तिच्या सासरी जायचो, चहाचं निमित्त करून. एका रविवारी जिन्यातच ऐकलं, सासू ते नाव घेऊन काय बोलत होती ते. काय बोलत होती ते विचारू नका. तसाच वर गेलो आणि मुलीला घेऊन आलो. त्यानंतर ते नाव आमच्या घरात कुणी घेतलेलं नाही.”

“मला सांगा,” मी म्हणालो. “मी आत जाऊन सांगतो. उद्यापासून सुट्टी आहे.”

“तुम्हाला तरी सांगायलाच लागेल ना? मग तिथंच सांगतो.”

आम्ही पुन्हा खिडकीशी गेलो. बाबूंनी पेन उचललं आणि शांतपणे म्हणाले, “आगे नाम बोलुन, तारपर देखछि.” आधी नाव सांगा, मग बघतो.

अप्पांनी कोटाचं वरचं बटण लावलं. पंगतीत लोक उभे राहतात तसे ते ताठ उभे राहिले आणि चक्क मराठीत म्हणाले:

“बागबाजारच्या घाटावर गंगेचं पाणी, जानकीचं नाव घेतो, माझ्या घरची राणी.”

“की बोल्लेन?” बाबूंनी विचारलं.

“जानकी गद्रे,” मी सांगितलं. बाबूंचं बोट पानावरून घसरत खाली गेलं आणि एका ओळीवर थांबलं. सुट्टीचं कारण सांगितल्यावर त्यांनी तातडीचा अर्ज घेतला आणि संध्याकाळी कोर्ट बंद होण्याआधी नक्कल हातात दिली. अप्पांनी ती कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. या खेपेला ती गंगेकडे जाणार नाही, अशी मी मनातल्या मनात प्रार्थना केली.

परतीच्या ट्राममध्ये अप्पा खिडकीशी बसले. कालीघाट आलं तेव्हा म्हणाले, “यमक फारच साधं आहे, नाही?”

“साधं आहे,” मी म्हणालो.

“हा उखाणा मी आमच्या लग्नात म्हणायला म्हणून केला होता. पंगतीत ऐन वेळी वाटलं, पाणी-राणी काय, सगळेच म्हणतात. म्हटलं, थोडा सुधारून घेऊ, मग म्हणू. ती नेहमी विचारायची, माझा उखाणा कधी? मी म्हणायचो, होतोय.” ते खिडकीबाहेर पाहत राहिले. “इतकी वर्षं सुधारत होतो हो. त्या नादात तिच्यासमोर म्हणायचाच राहिला.”

दिवाळी झाल्यावर नीलाचं लग्न झालं. कुलकर्ण्यानं तिचं नाव नीलाच राहू दिलं. अप्पांच्याच घरी जेवणं होती. श्रीखंडाचं पातेलं पंगतीपाशी आलं आणि सवयीनं सगळ्यांच्या माना अप्पांकडे वळल्या. अप्पा भिंतीशीच उभे होते. मग कुलकर्णी आपण होऊनच पाटावरून उठला आणि लाजत म्हणाला, “जहाजाच्या तळाशी दर्याचं पाणी, नीलाचं नाव घेतो, झाली घरची राणी.”

पंगतीत हशा पिकला. आता अप्पा याला सोलणार म्हणून सगळे सरसावून बसले.

“छान आहे,” अप्पा म्हणाले. “वेळेवर घेतलंत. वाढा रे त्यांना.”