भटूनानांची बॅटरी

आमच्या भटूनानांना भर दुपारी बारा वाजता "बसा" म्हणून बघा. ते आधी खिशातून बॅटरी काढतात, खुर्चीवर उजेड पाडतात, खुर्ची रिकामी असल्याची खात्री करतात आणि मगच टेकतात. माझी बायको लग्न होऊन नवीन आली होती तेव्हा तिला वाटलं, घरात ढेकूण झालेत की काय. दुसऱ्या दिवशी तिने सगळ्या खुर्च्या उन्हात टाकल्या.

नाना आमच्या धुळ्याच्या नाट्यगृहात द्वारपाल. हा शब्द त्यांचाच, हजेरीपटावर नुसतं 'डोअरकीपर' लिहिलंय. मी तिथलाच, तिकीट खिडकीतला. तिसरी घंटा झाल्यावर येणाऱ्यांना अंधारात खुर्चीपर्यंत पोचवायचं, हे नानांचं काम. आणि आमच्याकडे नाटकाला वेळेवर येणारा माणूस एकतर परगावचा असतो, नाहीतर त्याचं घड्याळ पुढे असतं. त्यामुळे नानांना उसंत म्हणून नसायची.

"खाले देखा, पायरी शे," हे त्यांचं वाक्य. तीस वर्षं घोकून ते तोंडात इतकं बसलंय की समोर पायरी असो नसो, ते बाहेर पडतंच. पुतण्याच्या लग्नात नवरदेव मांडवाकडे निघाला, तर नाना मागून म्हणाले, "खाले देखा, पायरी शे." सपाट मैदान हो! बिचाऱ्याने पायरीसाठी पाय उचलला, तो हवेतच राहिला आणि नवरदेव थेट सासऱ्याच्या पायांवर. सासरा गहिवरला. असा संस्कारी जावई आमच्या भावकीत कोणाला मिळाला नाही, असं तो अजून सांगतो.

नानांना माणसांची नावं लक्षात राहत नाहीत, खुर्च्यांचे नंबर राहतात. भाजीबाजारात ते बिनदिक्कत विचारतात, "काय जे-चौदा, वांगी कशी दिली?" एकदा मला म्हणाले, "एफ-अकराचा पाय मोडला, भाऊ." मी लगेच सुताराला बोलावलं. सुतार रंधा घेऊन हजर, खुर्ची ठणठणीत. पाय आमच्या शाळेच्या हेडमास्तरांचा मोडला होता.

मग नाट्यगृह दुरुस्तीसाठी बंद झालं, ते तीन वर्षं. या काळात नानांनी गावाला सळो की पळो करून सोडलं. पंगतीत लोकांना रांगेने आत सरकवायचं, बँकेत टोकन बघून बाकड्यावर बसवायचं, आणि सगळीकडे बॅटरी. बँकेच्या साहेबांनी मला फोन करून विचारलं, "तुमचं थेटर कधी उघडतंय हो?" त्यांच्या आवाजात नाटकाची ओढ अजिबात नव्हती.

शेवटी काम संपलं. नव्या मऊ खुर्च्या आल्या, एसी आला, पडद्याला बटण आलं. नाना सगळ्या खुर्च्यांवर एकेकदा बसून आले आणि "बठ्ठं झकास शे" म्हणाले, म्हणजे सगळंच पसंत. तेवढ्यात इंजिनिअरने आणखी एक बटण दाबलं आणि प्रत्येक पायरीच्या कडेला छोटे दिवे लागले. "आता अंधारातही कोणी ठेचकाळणार नाही," तो म्हणाला. नानांनी खिशातली बॅटरी चाचपली. त्या दिवशी ते माझ्याबरोबर चहालाही आले नाहीत.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी व्यवस्थापक साहेब पाहणीला आले. हॉलमध्ये अंधार केला, पायऱ्यांच्या दिव्यांचं बटण दाबलं, तर उजेड नाही. वास मात्र कापराचा. वाकून बघितलं, तर बाराही पायऱ्यांच्या दिव्यांवर कंबरदुखीच्या औषधी पट्ट्या चिकटवलेल्या! गुन्हेगार शोधायला पोलीस लागले नाहीत. आमच्या कर्मचाऱ्यांत कंबर एकट्या नानांचीच दुखते.

साहेबांनी नानांना यथेच्छ झाडलं आणि पट्ट्या काढायला लावल्या. मी मदतीला बसलो. पट्टी कंबरेवरून निघते, काचेवरून निघत नाही, हे ज्ञान मला त्या दिवशी झालं. नखांनी खरवडता खरवडता मी म्हटलं, "नाना, काय हा पोरखेळ? उलट बरं झालं ना. लोक आपले आपले जातील, तुम्ही मजेत स्टुलावर बसा."

नाना खरवडत राहिले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "भाऊ, तुनी वहिनी गई. पोर सुरतले. घरमा मी एकलाच शे. दिनभर माले कोनी हात लावत नही. आठे थेटरना अंधारमा लोके सोताहून मना हात धरतस."

तीस वर्षं मी या माणसाच्या बॅटरीला हसत होतो आणि दुसऱ्या हाताकडे कधी बघितलंच नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

उद्घाटनाला गर्दी तुफान. नाटक सुरू झालं, रिवाजाप्रमाणे लोक उशिरा आले आणि दिव्यांच्या रेषेवर डोळे ठेवून आपले आपले खाली गेले. काठी टेकत आलेल्या एका आजींसाठी नानांनी हात पुढे केला. "दिसतंय हो, छान दिसतंय," म्हणत त्या कौतुकाने पुढे निघून गेल्या. नानांनी हात मागे घेतला आणि इस्त्रीच्या शर्टाला पुसला. मी खिडकी बंद करून दारातून हे बघत होतो. मला राहवेना.

"नाना," मी म्हटलं, "बाहेरच्या उजेडातून आलोय, डोळ्यांपुढे अंधारी आलीय. जरा सोडा बरं मला खाली."

नानांनी माझ्याकडे बघितलं. माझी थाप त्यांना कळली असणारच. पण त्यांनी माझा हात धरला, चांगला घट्ट धरला, आणि एकेक पायरी थांबत थांबत आम्ही पार पहिल्या रांगेपर्यंत गेलो. तिथे एकही जागा रिकामी नव्हती. मला ठाऊक होतं, शेवटचं तिकीट मीच फाडलं होतं. नानांनाही ठाऊक होतं. मग आम्ही तसेच वळलो आणि हात न सोडता बाराही पायऱ्या पुन्हा वर चढून आलो.