मुक्या व बोलक्या दिव्यांची बखर

श्री. चार चाकांस नमन, आणि पांचवें जें डिकीच्या अंधारांत निजोन संकटाची वाट पाहतें त्यास अधिक नमन. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, माघ शुद्ध चतुर्थी, रविवार, ते दिवसापासोन राज्यांत जें वर्तलें तें जैसें दिसलें तैसें लिहिलें आहे. वाढविलें असल्यास घाटापुरतेंच.

राज्य लहान. थोरले सरकार दाजीसाहेब गादीवर, म्हणजे झोपाळ्यावर. मातुश्री उमाबाईसाहेब यांचे हातीं देवघर आणि मुदपाकखाना. पुत्र निरंजनराव परदेशच्या कंपनीची चाकरी घरांत बसोनच करीत, आणि स्नुषा शर्वरीबाईसाहेब, ज्यांस अद्वैतराजे जाहल्यापासोन म्हणजे दहा महिने सलग झोप ठाऊक नाहीं, त्या सर्वांवर नजर ठेवीत. बाळराजांचें जावळ घाटापलीकडे कुलस्वामिनीपुढें गुरुवारीं काढावयाचें ठरलें, मांडीवर घेणें म्हणोन मामांस निरोप गेला, आणि मग प्रश्न पडला कीं राजे कोणत्या रथांतून न्यावे. कारण रथ दोन, आणि घाट तेरा वळणांचा, मध्यें ना वस्ती ना मोबाईलची रेंज. तेथें रथ थांबला तर लेकरूं उन्हांत पडेल, हा एकच विचार बाईसाहेब रात्रंदिवस करीत.

थोरल्या सरकारांचा रथ तीस वर्षांचा. त्याचे पोटीं दोष सांगण्याची जुनी व्यवस्था. हेर, म्हणजे सेन्सर, मोजके, आणि तेही ज्या त्या कंपनीच्या बोलींत बोलणारे, कीं एका घराण्याची खूण दुसऱ्या घराण्याच्या मेकॅनिकास कळूं नये. दोष जाहला तर पिवळा दिवा लागे खरा, परंतु कोणता दोष तें विचारिल्याविना सांगत नसे. दोन तारांचीं टोकें केसांच्या आंकड्यानें जोडावीं, मग तो दिवा उघडझाप करी, आणि लांब किती, आंखूड किती, तें मोजोन मळक्या चोपडींत अर्थ पाहावा. मोजतांना कोणी शिंकला तर पुन्हा आरंभ. धाकटा रथ दोन वर्षांचा. त्यांत हेर पावलोपावलीं, सर्व कंपन्यांची भाषा एक, स्टीअरिंगखालीं सोळा छिद्रांचें एकच दार, आणि त्यास अंगठ्याएवढें यंत्र लाविलें कीं मोबाईलवर दोषाचा आंकडा उमटे. इतकेंच नव्हे, तर दोष घडला ते समयीं रथ किती वेगें होता, किती तापला होता, हेंही उमटे. चहाडी म्हणावी तर ऐसी. त्यावरोन एकदां निरंजनराव ऐंशीनें हांकतों म्हणोन एकशेंदहानें हांकीत होते हें बाईसाहेबांस कळलें, आणि दोन दिवस जेवणांत नुसती खिचडी जाहली.

ते रविवारीं धाकट्या रथाचा पिवळा दिवा लागला. निरंजनरावांनीं यंत्र लाविलें, वाचिलें, आणि दिवा पुसोन टाकिला. मग विजयी मुद्रेनें आंत येवोन चहा मागितला. बाईसाहेबांनीं विचारिलें कीं दोष काय होता, तर म्हणाले बाष्पाची कांहीं गळती. गळती कोठें, तर म्हणाले तें आतां पुसलें. पुसल्यानें दोष गेला कीं दोषाचें नांव गेलें, ऐसें बाईसाहेबांनीं विचारितांच रावसाहेबांस एकाएकीं मीटिंग आठवली. हाच दिवा पंधरवड्यांत दोनदां लागोन दोनदां पुसला गेला होता, हेंही मग मोबाईलमध्यें सांपडलें.

थोरल्या सरकारांस मोठा आनंद जाहला. झोपाळा थांबवोन बोलिले, "माझ्या गाडीचा दिवा पंधरा वर्षांत एकदा पेटला नाही. तुमची ती सारखी कण्हते. सूनबाई, बाळाला माझ्या गाडीतून न्या." मातुश्रींनीं मान डोलविली, निरंजनरावांनीं मान खालीं घातली, आणि मसलत संपली ऐसें सर्वांस वाटलें.

परंतु बाईसाहेबांचा स्वभाव ऐसा कीं लेकरूं रडलें तर एक वेळ चालेल, फार वेळ गप्प बसलें तर उठोन पाहावें कीं तोंडांत काय घातलें. त्या राजांस कडेवर घेवोन दोन्ही रथांपाशीं गेल्या आणि किल्ली अर्धी फिरवोन पाहूं लागल्या. धाकट्या रथांत सर्व दिवे एकदां लागले आणि विझले, कारण निघण्यापूर्वीं दिव्यांनीं आपली हजेरी द्यावी ऐसी रीत. थोरल्या रथांत तेलाचा दिवा लागला, बॅटरीचा लागला, हातब्रेकचा लागला, आणि इंजिनाचे चित्राचा, दोष सांगणारा तो पिवळा, लागलाच नाहीं. पुन्हा फिरविली, पुन्हा नाहीं. मग उस्ताद दस्तगीर यांस फोन गेला. हे दोन्ही व्यवस्था जाणणारे, चाळीस वर्षें गॅरेज चालविणारे, आणि दाजीसाहेबांस तोंडावर बोलणारे राज्यांत एकटेच. उस्ताद आले, दिव्यांपुढची फळी उघडली, आणि एक काळा पडलेला बल्ब तळहातावर घेवोन झोपाळ्यापुढें उभे राहिले. "दाजी, गाडी ठणठणीत नव्हती. तिची जीभ गेली होती."

नवा बल्ब बसतांच दिवा लागला आणि लागलाच राहिला. मातुश्रींच्या अंबाड्यांतील आंकडा मागोन तारा जोडिल्या, आणि अवघें राज्य दिव्यापुढें मोजावयास बसलें. दाजीसाहेबांचे मतें लांब एक, आंखूड तीन. निरंजनरावांचे मतें आंखूड पांच. बाळराजे प्रत्येक उघडझापीस टाळी वाजवोन मोजणी बिघडवीत. शेवटीं उस्तादांनीं सर्वांस बाहेर काढोन एकट्यानें मोजिलें. लांब एक, आंखूड चार. चोपडींत अर्थ निघाला कीं पाणी तापल्याची वर्दी देणारा हेर मेला आहे, कधीं मेला तें जुनी व्यवस्था लिहोन ठेवीत नाहीं. घाटांत पाणी उकळतें तरी कोणास कळतें ना. दाजीसाहेबांनीं झोपाळ्यास पाय लाविला.

मग उस्ताद धाकट्या रथाकडे वळले, तेथें दिवा पुन्हा लागोन आंकडाही उमटलाच होता. त्यांनीं पेट्रोलच्या टांकीचें झांकण फिरविलें आणि हंसूं लागले. झांकणाचे गळ्यांत देवीचा लाल दोरा, सात वेढे, वर गांठ. त्यामुळें झांकण घट्ट बसेना, वाफ बाहेर जाई, आणि रथ बिचारा खरें सांगोन बदनाम होई. जुन्या रथासही तैसाच दोरा होता, परंतु वाफेवर नजर ठेवणें त्याचे कामांतच नाहीं, म्हणोन तो गप्प.

सर्वांच्या नजरा मातुश्रींकडे गेल्या. "मीच बांधला," त्या बोलिल्या. "पोर बसणार त्यात. गळा दिसला, गळ्यात बांधला. दोरा काय शेपटीला बांधतात?" आतां दोरा काढा म्हणणें म्हणजे देवीस उतरविणें, आणि न काढणें म्हणजे दिव्यास बोलावणें. निरंजनराव तिसऱ्यांदा पुसण्यास सरसावले, त्यांचे हातांतून बाईसाहेबांनीं यंत्र काढोन घेतलें. आणि सासूबाईंजवळ बसोन हळूच म्हणाल्या, "आई, पेट्रोल आत जातं त्या वाटेवर देवीला कशाला बसवायचं? वासानं जीव घुसमटेल तिचा. बाळाच्या खुर्चीला बांधूया, तुमच्या हातानं." मातुश्रींनीं क्षणभर सुनेचें तोंड पाहिलें, यांत लबाडी किती आणि भक्ति किती तें जोखिलें, आणि स्वतः दोरा सोडिला.

तरी दिवा विझेना. उस्तादांनीं सांगितलें कीं नवी व्यवस्था एका दिवसांत विश्वास ठेवीत नाहीं, थंड इंजिनानें निघोन तीन सकाळी निर्दोष गेल्या तरच आपणहोन विझवील. पुसावा तर लगेच विझेल. बाईसाहेब म्हणाल्या, "पुसायचा नाही. तो विझला तर मी घाट चढेन, नाहीतर जावळ पुढच्या मुहूर्तावर." मामांस कळविलें, गुरुजींस कळविलें, दोघेही रागावले. मग सोमवारीं भाजी, मंगळवारीं दळण, बुधवारीं कांहींच काम नव्हतें तर उस्तादांस लाडू देणें, ऐशा तीन स्वाऱ्या जाहल्या. गुरुवारीं पहांटे सर्व रथांत बसले. बाईसाहेबांनीं स्वतः किल्ली फिरविली. दिवे लागले. इंजिन सुरू जाहलें. पिवळा दिवा विझला.

दाजीसाहेब नव्या रथांत प्रथमच बसले आणि पायथ्यापासोन टोमणे सुरू केले, हा भोंगा कसला, ही बाई नकाशांत कोण बोलते, ब्रेक उशिरा दाबला. सातवे वळणीं टोमणे थांबले. निरंजनरावांनीं मोबाईल पाहोन सांगितलें कीं सर्व ठीक, एकही आंकडा नाहीं. बाईसाहेबांनीं आरशांत सासऱ्यांचें तोंड पाहिलें, रथ कडेस घेतला, दार उघडोन दिलें, आणि लिंबू पुढें केलें. थोरले सरकार दरीकडे तोंड करोन बराच वेळ उभे राहिले. परत बसतांना म्हणाले, "सूनबाई, तुला कसं कळलं?" त्या म्हणाल्या, "तुम्ही बोलायचं थांबलात."

जावळ मुहूर्तावर निघालें, राजे मामांच्या मांडीवर रडले आणि बोडके फार शोभले. तात्पर्य, जुनी व्यवस्था विचारिल्यावर थोडें बोले, नवी न विचारितां पुष्कळ बोलते, आणि दोहींस गप्प करणारीं माणसें घरांतच असतात. एवढी हकीकत.