दुपट्यातलं टोक

शिलाई मशीनबद्दल सरोजिनीबाईंची एक ठाम समजूत होती: मशीनला तेल लागतं, सुईला काही लागत नाही!

"मॅडम, सुई बोथट झाली. टाके सोडून राह्यली," मशीन दुरुस्त करणारा वसंता जालन्याच्या त्यांच्या घरी येऊन दोनदा सांगून गेला.

"सुई काय दूध आहे नासायला? आठ वर्षं हीच आहे. बिलकुल धड आहे!"

वसंता बिचारा एक नवी सुई खणात ठेवून निघून गेला.

त्यातच तीर्थपुरीला दिलेल्या भाचीला, कल्याणीला, मुलगी झाली. बारशाला दुपटं न्यायचं ठरलं. तेही साधंसुधं नाही, चौसष्ट तुकड्यांचं! बाईंनी जुन्या साड्यांचे चौकोन कापले, फरशीवर मांडून रंग जुळवले आणि शिवायच्या आधीच फोटो काढून आख्ख्या नात्यात पाठवले.

बारशाच्या सकाळी शेवटची शिवण राहिली होती. नेमका चार तुकड्यांचा सांधा आला. कापडाची जाडी भाकरीएवढी! मशीन कण्हली. बाईंनी पाय दामटला. कट्ट! सुई तुटली. खाली नवरा, गजानन, गाडीचा हॉर्न वाजवत होता. बाईंनी खणातली सुई लावली, शिवण संपवली, दुपटं पिशवीत कोंबलं. तुटलेलं टोक? असेल पडलं फरशीवर!

तीर्थपुरीत दुपट्याचं काय कौतुक झालं! कल्याणीच्या सासूबाईंनी, दुर्गाबाईंनी, ते स्वतः पाळण्यात अंथरलं. वर बाळाला ठेवलं. बाळाची पाठ टेकली न टेकली तोच, ट्यांहां!

सरोजिनीबाई ताडकन उठल्या. टोक!

"उचला! बाळाला उचला!" त्यांनी बाळ कल्याणीच्या मांडीवर दिलं आणि दुपटं ओढून छातीशी धरलं. पाळण्याचं गाणं अर्ध्यावर थांबलं.

"काय झालं, विहीणबाई?"

"काही नाही. हे... हे मी परत नेते."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. दुर्गाबाईंचा चेहरा पडला. "मी म्हन्लंच व्हतं, यांना दिलेली आहेराची साडी हलकी झाली!" असं म्हणत त्या आत गेल्या आणि रेशमी साडी घेऊन आल्या.

"चुकलं आमचं. ही घ्या. पर लेकराखालून काढून नेऊ नका."

"अहो, साडीचं नाही हो!"

"मंग? पैठणी काढू का?"

दुर्गाबाईंचे डोळे भरून आले होते. आता मात्र सरोजिनीबाईंना ते बघवेना. "यात सुईचं टोक आहे," त्या कशाबशा म्हणाल्या. "सकाळी तुटली. मला माहीत होतं. मी शोधलं नाही."

कल्याणीने मुकाट्याने बाळाचं झबलं काढलं, पाठ पाहिली, मांड्या पाहिल्या, तळपाय पाहिले. ओरखडासुद्धा नव्हता. बाळाला नुसती भूक लागली होती! पण एवढ्या वेळात तिने मावशीकडे एकदाही पाहिलं नाही. सरोजिनीबाईंना वाटलं, त्यापेक्षा चार शब्द बोलली असती तर बरं झालं असतं.

"लोहचुंबक आना एखादं," शेजारच्या जयवंताबाई म्हणाल्या. गावातल्या निम्म्या गोधड्या त्यांच्या हातच्या. कुणीतरी जुन्या स्पीकरमधलं चुंबक आणलं. जयवंताबाईंनी ते दुपट्यावरून सावकाश फिरवलं. एका सांध्यापाशी टिक्! तांदळाच्या कणीएवढं टोक वर आलं.

त्यांनी ते तळहातावर घेऊन सरोजिनीबाईंच्या नाकासमोर धरलं. "सुई तुटली की दोन्ही तुकडे घावल्याबिगर उठायचं न्हाई, बाई. किती शिकल्या तुमी?"

"एम. कॉम.," सरोजिनीबाई पुटपुटल्या.

बाळ दूध पिऊन दुर्गाबाईंच्या जुन्या, मऊ लुगड्यावर झोपलं. दुपटं घडी होऊन कपाटावर गेलं. निघताना सरोजिनीबाईंनी रेशमी साडी परत द्यायला हात पुढे केला.

"राहू द्या," दुर्गाबाई म्हणाल्या. "दिलेलं माघारी घ्यायची आमच्यात रीत न्हाई."

गजानन सगळा वेळ बाहेर मांडवात पुरुषांच्या पंगतीत होता. गाडीत बसल्यावर त्याने पिशवीत डोकावलं.

"दोन-दोन साड्या! काय मान केला गं तुझा! दुपटं फारच आवडलेलं दिसतंय!"

सरोजिनीबाईंनी काच वर केली. "पुढे बघून चालवा!"