गाठीच्या घरचा डबा

मिरजेच्या विलासराव मालगाव्यांच्या यकृतातली कॅन्सरची गाठ मोठी वळणाची होती, पण औषधाला दारात उभं करत नव्हती. आजवर दिलेली सगळी औषधं आल्या पावली परत गेली होती. विलासराव खंगत चालले होते.

"मला माझा माणूस हवाय," त्यांच्या पत्नी सुलभाबाई डॉक्टर सबनीसांना म्हणाल्या.

डॉक्टरांनी नॅनोऔषध काढलं. रक्ताच्या एका थेंबात लाखोंनी मावतील एवढे चिमुकले डबे, आत औषध, वरून तुपाचा हात. शेजारून आलेला डबा कोणी नाकारत नाही. गाठीनंही घेतले. पण डबे परत येईनात, तेव्हा डॉक्टर काळजीत पडले.

"रिकामे कसे धाडेल?" सुलभाबाई म्हणाल्या. "घरात घालायला काही नसेल बिचारीच्या."

झालंही तसंच. थोड्या दिवसांनी डबे परत आले, आणि प्रत्येकात चिमूटभर गाठच होती. तिच्यापाशी दुसरं होतं काय? लिंबाएवढी गाठ आवळ्याएवढी झाली. सुलभाबाईंना पुन्हा घास गोड लागू लागला.

मग वॉर्डात घोळ झाला. औषध भरायचं राहिलं आणि डबे तसेच रिकामे गेले. गाठ रुसली. तिनं दार लावून घेतलं आणि फुगू लागली. सुलभाबाई नवऱ्याच्या उजव्या बरगडीपाशी वाकल्या.

"चुकलं हो आमचं. राग धरू नका."

"राग नाही," आतून आवाज आला. "पण रिकामा डबा? आमच्यात अशी पद्धत नाही."

"आमच्यातही नाही. उद्या भरून पाठवते. मी स्वतः उभी राहून."

"माझ्या पोटात काय चाललंय, मला कोणी सांगेल का?" विलासरावांनी विचारलं.

"तुम्ही गप पडा. बायकांचं बोलणं चाललंय."

दुसऱ्या दिवशी डबे काठोकाठ भरून गेले. गाठीचं समाधान झालं आणि देवाणघेवाण पुन्हा सुरू झाली. शेवटी एक डबा आला, तो डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकाखाली बराच वेळ पाहिला.

"हा आमचा नव्हे. तिच्या घरचा आहे."

आत उरलीसुरली गाठ नीट दाबून भरली होती. स्कॅनमध्ये यकृत झाडून काढल्यासारखं स्वच्छ दिसत होतं.

"आता यात काय घालून द्यावं?" सुलभाबाईंनी सवयीनं विचारलं.

"द्याल कुणाला? तिथं आता कोणी राहत नाही."

सुलभाबाई तिथंच ढसाढसा रडल्या. मग त्यांनी डबा घासला, पुसला आणि फळीवर पालथा घातला. आयुष्यात पहिल्यांदाच कुणाचा तरी डबा त्यांच्याकडे राहून गेला होता, आणि त्यांना त्याची जराही लाज वाटत नव्हती.